मोसेसेनं काय केलं

"पोलिसांना बोलवू का?" हेदरनं विचारलं.

"आधी बघू तर दे," मशीन दुरुस्तीला आलेला डर्मट म्हणाला. वर्कशॉपमधल्या लेथच्या, सुटे भाग कातणाऱ्या मशीनच्या, कंट्रोल कपाटासमोर तो गुडघ्यांवर बसला होता. "क्राइस्टचर्चहून टिमारूपर्यंत गाडी हाणत आलोय. निदान चहा तरी विचार."

"चहा नंतर. डिस्क कुणी मारली ते सांग."

सकाळपासून लेथचा पडदा काळा होता. कपाटातली हार्ड डिस्क टक्, टक् करायची, थांबायची, पुन्हा टक्. बाबांनी आयुष्यभर रचलेला प्रत्येक सुट्या भागाचा प्रोग्रॅम त्या एका डिस्कवर होता.

"नक्कल काढलेली?"

"बाबा म्हणायचे, या डब्यात मी आहे, मला काय होतंय."

डर्मटनं डिस्क सोडवून आपल्या लॅपटॉपला जोडली.

"मोसेसेचंच काम आहे," हेदर म्हणाली. "कामावरून काढलं तेव्हा जाता जाता करून गेला."

"मोसेसे? तुझ्या बापाच्या शवपेटीला खांदा देणारा?"

"तोच. चर्चमध्ये माझ्यापेक्षा मोठ्यानं रडणारा."

बाबा गेल्यावर तिनं त्यांचं लोकरीचं जॅकेट दाराजवळच्या खुंटीवरून काढलं आणि इथं, कपाटाच्या कडेला टांगलं. ते दिवसभर उभे राहायचे तिथं. संध्याकाळी कामगार गेले की वरच्या ऑफिसातून खाली येऊन ती त्यात तोंड खुपसायची. एका सकाळी ती लवकर आली, तर मोसेसे ते जॅकेट घेऊन दाराकडे निघालेला.

"हेदर, संध्याकाळी परत टांगतोच मी, मशीनला—"

"मशीनचं नाव काढू नकोस! मेलेल्या माणसाचे कपडे चोरतोस? चालता हो!"

मोसेसे जॅकेट तिच्या हातात देऊन गेला. तिनं ते पुन्हा जागेवर टांगलं. त्या दिवसापासून, तो चोर गेल्यापासून, जॅकेटला बाबांची ऊब परत आली होती. इतके दिवस ते गारठलेलं असायचं.

"कुणी मारलेली नाही ही," लॅपटॉपवरून नजर न काढता डर्मट म्हणाला. "भाजलीय."

"म्हणजे?"

"डिस्क स्वतःचं तापमान लिहून ठेवते. वर्षानुवर्षं ठीक. तीन आठवड्यांपूर्वी चढायला लागलं ते उतरलंच नाही."

"तीन आठवडे! तो गेला त्याच दिवसापासून!" हेदरनं पाना बाकावर आपटला. "पंखा तोडला असणार त्यानं. वाचवता येईल काही?"

"नाही गं. आतली तबकडीच खरवडलीय."

"सोडणार नाही मी त्याला. त्याच्या पोराबाळांसमोर बेड्या घालायला लावीन."

डर्मटनं कपाटात हात घातला. "पंखा तर फिरतोय. चांगला जोरात." तो थांबला. "मग एवढी गरम हवा बाहेर कुठून पडते?"

गुडघ्यांवर हात टेकून तो उठला आणि कपाटाच्या कडेला गेला. जॅकेट उचललं. मागे, आतली गरम हवा बाहेर सोडणारी, हाताच्या पंजाएवढी जाळी होती.

दाराजवळच्या रिकाम्या खुंटीकडे त्यानं एकदा पाहिलं आणि जॅकेट तिच्यापुढे धरलं.

हेदरनं ते घेतलं. कुणीतरी नुकतंच अंगावरून काढून द्यावं, तसं ते गरम होतं.