कापसाची दाढी

जुन्नरच्या चर्चच्या युवा शिबिरात शांतवनराव आणि मार्थाबाई हे म्हातारं मिशनरी जोडपं दरसाल बायबलातल्या उधळ्या पुत्राचं, घर सोडून गेलेल्या लेकाला माफ करणाऱ्या बापाचं, नाटक बसवायचं. कापसाची दाढी लावून शांतवनराव बाप व्हायचे. परत आलेल्या लेकाकडे झगा सावरत असे काही धावायचे, की बघणारी पोरंपोरी हुंदके द्यायची.

यंदा तर तालमीतच त्यांचे डोळे वाहिले. ते पाहून मार्थाबाईंनी गुपचूप एसटीडी बूथवरून लेकीला फोन लावला. आणे गावच्या हिंदू सुदर्शनशी देवळात लग्न केल्यापासून तिला घराचं दार बंद होतं.

"ये गं सलोमी. तुझे पप्पा आता लई हळवे झालेत."

नाटक संपलं, तेव्हा सलोमी कडेवर लेकरू घेऊन मंडपाच्या दारात उभी होती.

शांतवनरावांनी दाढी काढून मार्थाबाईंच्या हातात दिली.


"हिला कुणी बोलावलं?"