शपथेनंतर तीन आठवडे

"सायकलला जातं जोडलंय. सायकल मारायची आणि बसल्या बसल्या पीठ दळायचं. आता गिरणीत रांग नको, आण्णा." सासरे खुर्चीला टेकतायत तोवर सुरेंद्रने त्यांना हाताला धरून परत उठवलं.

शरच्चंद्र गुरुजी साताऱ्याहून काळेवाडीला आले होते ते वेळ आलीच तर लेकीला कायमची घेऊन जायला. तीन आठवड्यांपूर्वी जावई याच खोलीत पिऊन पडलेला त्यांनी पाहिला होता. त्याआधी महिनाभर तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, नाहीतर प्यायचा. गुरुजींनी त्याला देवासमोर बसवून वदवून घेतलं होतं: कसलीही नशा करणार नाही. शपथ मोडलीस तर शैला माझ्याबरोबर येईल. आज निकाल होता, आणि निकालाच्या बाबतीत गुरुजी आयुष्यभर कडक होते.

पण इथे नापास करायला जागाच नव्हती. तोंडाला वास नाही. कंपनीत रोज ओव्हरटाइम. घरी आलं की शेजाऱ्यांच्या रेडिओंची दुरुस्ती. सात रेडिओ खोलून जमिनीवर मांडलेले. दाराला हिरवा रंग, खिडकीला पिवळा. कारखाना कसा चालवावा यावर साहेबांना चाळीस पानी पत्रही लिहून झालं होतं.

"वाचून दाखवतो," म्हणून सुरेंद्रने तीन पानं वाचली आणि मध्येच उठून पत्रा ठोकायला छपरावर चढला.

शैला चहा घेऊन आली. डोळे खोल गेलेले.

"पोरी, आता तरी हस की," गुरुजी म्हणाले. "सगळ्याच्या मुळाशी दारूच होती. मी म्हणत नव्हतो?"

"म्हणत होतात," शैला म्हणाली.

"आणि आण्णा," वरून सुरेंद्रचा आवाज आला, "डोकं शांत राहायला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यासुद्धा शपथेच्याच दिवशी पवना नदीत टाकल्या. नशा म्हणजे नशा."

"शाब्बास, जावईबापू." गुरुजींचा ऊर भरून आला. शब्दाला इतका जागणारा माणूस त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

शैलाने भरून ठेवलेली ट्रंक त्यांनी स्वतःच खाटेखाली सरकवली. "तुझं घर हेच," म्हणाले. तिने पदर डोळ्यांना लावला. लेकीच्या जातीला भरून येतंच, असं समजून त्यांनी काही विचारलं नाही.

थांब्यापर्यंत ती पोचवायला आली, पण पाऊल पुढे आणि नजर मागे. सुरेंद्र अजून छपरावरच होता, हातवारे करत, कुणाशी तरी बोलत. खाली कुणी नव्हतं.

"काही लागलं तर सांग," गुरुजी म्हणाले. "बापाजवळ लाजू नकोस."

शैला थांबली. इकडेतिकडे बघून तिने पदर नीट केला.

"आण्णा, नऊ दिवस झाले, यांच्या डोळ्याला डोळा नाही. समोरच्या देशीच्या दुकानात मला बाईमाणसाला जाता येत नाही. एक बाटली तेवढी आणून द्या."