शेवटचं प्रकरण

त्या कादंबरीतली नवऱ्याची मारहाण वाचून बायकांच्या घशाखाली घास उतरत नसे. म्हणून वाचनालयाच्या काकूंनी शेवटचं प्रकरण सरळ स्टेपल करून टाकलं. स्वतः त्यांनी त्यातली दोनच पानं वाचली होती, पुढे धीरच झाला नाही.

आज एका जुन्या वाचक बाईंनी पुस्तक परत आणलं, तर सगळ्या पिना काढलेल्या.

"अहो, उगाच जिवाला घोर नको म्हणून बंद केली होती ती पानं!" काकू तडकल्या.

"त्याच पानांत ती पोरांना घेऊन घर सोडते, काकू." बाईंनी बाही मनगटापर्यंत ओढली.

काकू पिनांची भोकं बोटाने बुजवत राहिल्या.



बाई म्हणाल्या, "आठ वर्षांपूर्वी तुमच्याकडून हेच पुस्तक नेलं होतं. तेव्हाही ही पानं बंदच होती. वाटलं, तिचीही सुटका झाली नाही."