केस, कंबर, चाल

आकांक्षाला पाहायला सेलूहून पाहुणे आले अन् नेमका तेव्हाच दारावरून वरातीचा डीजे गेला. मुलाचे वडील खुशालराव मराठीचे प्राध्यापक; गाणं ऐकून त्यांनी नाक मुरडलं.

"शी! पहिल्या कडव्यात केसांले उपमा, दुसऱ्यात कमरेले, तिसऱ्यात चालीले. अलंकार ढीगभर, पण पोरीले एक प्रश्न नाई. बाजारात गाय पाहून राह्यला का हा कवी?"

आकांक्षाला माणूस एकदम पटला. तिने हसून चहा पुढे केला.

खुशालरावांनी कप घेतला अन् तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बेटा, वेणी सोड अन् दारापर्यंत चालून दाखव बरं."



जागची न हलता ती म्हणाली, "दुसरं कडवं काऊन सोडलं, काका?"