तिसरा दिवा

गोव्यातल्या मांद्र्याच्या त्या घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, तेव्हापासून दोघी जावांचा अबोला होता. चवथीला एकाच गणपतीपुढे आरती म्हणायच्या, पण एकमेकींशी चकार शब्द नाही. आता मुलांनी दोन्हीकडच्या खोल्या पर्यटकांना द्यायचं ठरवलं, म्हणून गावातल्या वायरमन सिद्धेशने इंटरनेटची केबल भिंतीतून पलीकडे नेली होती.

उरलं होतं ते तपासणं. टेस्टरचे दोन भाग केबलच्या दोन टोकांना लावायचे. दोन्हीकडे एक ते आठ दिवे त्याच क्रमाने लागले, की काम झालं. सिद्धेश एकटाच आलेला, आणि त्याला शिडीवरून भिंतीच्या भोकापाशी केबल हलवून बघायची होती. त्याने एक भाग थोरल्या सुलोचनाकाकींच्या हाती दिला, दुसरा पलीकडे इंदुमतीकाकींच्या.

"दिवा लागला की आकडा मोठ्याने म्हणा."

"एक," सुलोचनाकाकी भिंतीकडे पाठ करून म्हणाल्या.

"एक," पलीकडून आलं.

"दोन."

"दोन."

आठपर्यंत एकही आकडा चुकला नाही.

"झालं, काकी!" म्हणत सिद्धेश शिडी उतरू लागला.

मग भोकातून इंदुमतीकाकींचा आवाज आला, "वयनी, तिसरो दिवो माका बरो दिसूंक ना गो. परत पयल्यापासून म्हण."

सुलोचनाकाकी वळल्या. खुर्ची भिंतीजवळ ओढून नीट बसल्या.

"एक," त्या सावकाश म्हणाल्या.