जवळचा माणूस

“तुझ्या त्या पॉलिशच्या वासानं माझी गिऱ्हाइकं पळतायत, टकल्या! नाक काय फक्त चष्मा ठेवायला दिलंय?”

शटर अजून अर्धंच वर गेलं होतं आणि फळीपलीकडून धाकट्यानं तोफ डागली. थोरल्यानं शटर तसंच सोडलं.

“आणि तुझे सोफे! बसलेला माणूस उठताना स्प्रिंग घेऊनच उठतो!”

पलीकडे हातोडीची ठकठक सुरू झाली.

एकच दुकान, मधे प्लायवूड. अलीकडे थोरला लाकडाला पॉलिश मारायचा, पलीकडे धाकटा सोफे शिवायचा. धाकट्यानं एकदा गिऱ्हाइकासमोर भावाच्या कामाला नावं ठेवली. थोरल्यानं गिऱ्हाइकासमोरच त्याच्या थोबाडीत दिली. त्याच आठवड्यात प्लायवूड उभं राहिलं. मग कित्येक वर्षं कडकडीत अबोला. थोरल्याची बायको गेली तेव्हासुद्धा धाकटा आला, कोपऱ्यात उभा राहिला आणि तोंड न उघडता परत गेला.

तो अबोला मोडला औषधाच्या चाचणीनं. गाठीपायी थोरल्याच्या मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी काढावी लागली होती. ती असताना शरीर जे हार्मोन आपलं आपण बनवायचं, ते आता गोळ्यांतूनच घ्यावं लागे. इस्पितळात एका नव्या गोळीची चाचणी निघाली. दिवसातून एकदा घेतली की झालं. थोरल्याला ती हवीच होती. पण एक अट होती. हार्मोन एकाएकी कमी पडलं तर इंजेक्शन देईल असा जवळचा माणूस हवा.

“घरी कोण असतं?” सिस्टरनं विचारलं.

“मी आणि माझा चष्मा.”

परगावाहून सोबत आलेल्या बहिणीनं परस्पर धाकट्याचं नाव सांगून टाकलं.

“त्याच्या हातात सुई?” थोरला उसळला. “नेमकी डोळ्यात खुपसेल तो!”

“मग दुसरा माणूस आणा, नाहीतर चाचणी विसरा,” सिस्टर म्हणाली.

थोरल्याला दुसरा माणूस नव्हता.

धाकटा एकटाच जाऊन इंजेक्शन शिकून आला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची जीभ सुटली. दुकान उघडताना, जेवणाच्या सुट्टीत, कुलूप लावताना. टक्कल, चाल, खोकला, काही म्हणून त्यानं सोडलं नाही. थोरला उलट उत्तर देईपर्यंत धाकटा फळी बडवायचा. घरी गेल्यावर थोरला पडल्या पडल्या उद्याची उत्तरं जुळवत राही. आपण आजारी पडलो म्हणून ह्याला उकळ्या फुटतायत, अशी त्याची खात्रीच झाली.

एके दिवशी त्याचं पोट बिघडलं. सकाळपासून उलट्या. गोळी पोटात ठरलीच नव्हती. तरी हट्टानं तो दुकानात आला.

दुपारी पलीकडून आवाज आला, “काय रे, ब्रश कुठल्या बाजूनं धरायचा तेही विसरलास वाटतं?”

थोरल्याला फर्मास उत्तर सुचलं होतं. जीभ मात्र हलेना. तो तसाच भुशात कलंडला.

“अरे ए टकल्या!” फळी बडवली गेली. “बोल ना, गधड्या! बोल!”

मग फळीवर लाथ बसली. प्लायवूड मधोमध फुटलं. कुणीतरी त्याच्यावर वाकलं आणि मांडीत काहीतरी टोचलं.

डोळे उघडले तेव्हा हाताला सलाइन होतं. सिस्टर रक्तदाब बघत होती. धाकटा बाहेर बाकावर बसून आहे, हलायला तयार नाही, असं तिनं सांगितलं.

“इंजेक्शन दिलं, उपकार झाले,” थोरला पुटपुटला. “पण चाचणीतून त्याचं नाव काढून टाका. सकाळ-दुपार-संध्याकाळ नुसता वाट्टेल ते बोलतो. आजारी माणसाला!”

हाताचा पट्टा सोडवता सोडवता सिस्टर थांबली.

“काका, ते आम्हीच सांगितलं होतं. हार्मोन कमी पडायला लागलं की माणूस मंदावतो, उत्तर देईनासा होतो. म्हणून त्यांना म्हटलं, दिवसातून तीनदा भावाशी बोलत जा, उत्तर आलं नाही तर तडक इंजेक्शन द्या. तर त्यांनी विचारलं, ‘आमचं बोलणं नाही हो, सिस्टर. शिव्या दिल्या तर चालतील का?’”