अंगठ्याला जागा

ओटाकरने चाप ओढला आणि पिस्तुलातून नुसता 'टक्' असा आवाज आला. पंचांनी हात वर केला, पिस्तूल रिकामं करून आत पाहिलं आणि मान हलवली. आतली पिन मोडली होती.

"शेवटच्या दहा गोळ्या राहिल्यात," पंच म्हणाले. "कुणाचं तरी मागून घ्या. नाहीतर डाव इथेच संपला."

डाव संपला म्हणजे क्लबच्या संघातली जागाही गेली. संघ तिघांचा. तिसऱ्या जागेवर ओटाकर कित्येक वर्षं मांड ठोकून होता आणि आज तरण्या रादिमने ती हिसकवायचं मनावर घेतलं होतं. दहा गोळ्यांत नव्वदच्या वर गुण मिळाले तरच ओटाकर वाचणार होता. एके काळी हे त्याच्या डाव्या हातचा मळ होतं. हल्ली मात्र नव्वदचं तोंडही दिसत नसे आणि दोष अंगठ्यावर जाई. लहानपणी बर्फावर पडून मोडलेला त्याचा उजवा अंगठा वाकडाच सांधला होता. पिस्तुलाच्या कुठल्याच मुठीवर तो धड बसत नाही, असं ओटाकर येईल त्याला सांगायचा.

आता पिस्तूल मागायचं ते कुणाकडे? दगडखाणीतल्या आमच्या मैदानावर जो तो 'पंचाहत्तर' घेऊन उभा. पिस्तुलाच्या जन्मसालावरून पडलेलं हे नाव. आमच्याच चेक मुलखात, मोरावियात घडलेलं, सैनिकाच्या कमरेला शोभेल असं भरदार पिस्तूल, अंगभर पोलाद. मध्यंतरी हलकी प्लास्टिकची पिस्तुलं आली तेव्हा लोकांनी पंचाहत्तर विकली, कपाटात टाकली. आता तीच मिळवण्यासाठी दहा गावं पालथी घालतात. रादिमसारखी पोरंसुद्धा वेडी झालीत. वजनामुळे ते गोळी सुटताना हातात उसळत नाही आणि एकदा धरलं की खाली ठेवावंसं वाटत नाही. मीही प्रेमात पडलोय, लपवायचं कशाला?

एकटा ओटाकर त्याला 'इस्त्री' म्हणायचा. सगळ्यात जास्त टोमणे त्याच्या थोरल्या बहिणीला, ब्लाझेनाला. "काय गं, कपडे कुठायत? इस्त्री तर आणलीस!" हे दर रविवारी ठरलेलं. ती हसायची आणि नेम धरायची. संघातली पहिली जागा तिचीच होती.

त्यामुळे ओटाकर आता जमिनीकडे बघत उभा राहिला. मागायला तोंड नव्हतं.

ब्लाझेनाच्या गोळ्या मारून झाल्या होत्या. ती बाकावरून उठली. तिच्या पिस्तुलाच्या लाकडी मुठीवर डाव्या बाजूला एक कापडी पट्टी कायम चिकटवलेली असे. ती तिने नखाने सोलून काढली. मग मॅगझिन बाहेर काढून, स्लाइड मागे ओढून, पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवलं आणि ते भावापुढे धरलं.

"घे. इस्त्री चालेल ना?"

"आता तू नको सुरू करूस," ओटाकर पुटपुटला. पण घेतलं.

मुठीवर हात बसवताच तो जरा थांबला. बोटं थोडी सैल करून त्याने पुन्हा आवळली. मग हात उचलला. पंचाहत्तरची पहिली गोळी म्हणजे परीक्षा असते. घोडा न चढवता मारायची, तर चाप लांब आणि जड लागतो, नवख्याचा हात तिथे हमखास हलतो. ओटाकरने ती तशीच मारली. कुणी सांगितलं नव्हतं. गोळी काळ्या वर्तुळाच्या पोटात गेली. पुढच्या नऊ त्याने घाई न करता, मोठ्या तब्येतीने मारल्या. मी त्याला इतका शांत फार वर्षांनी पाहत होतो.

पंचांनी लक्ष्याचा कागद आणला. चौऱ्याण्णव. पहिली टाळी रादिमने वाजवली, बिचारा.

सॉसेज भाजायला लागली, बीअरचं पिंप उघडलं, तरी ओटाकर बाकापाशीच होता. रिकामं पिस्तूल समोर, आणि त्याचा हात अजून त्यावर.

"ब्लाझेना, हे मला विक."

"नाही."

"अगं, मागशील ते देतो."

"नाही म्हटलं ना."

तो खाली बघतच बोलला, "माझंही होतं एक. ठाऊक आहे ना तुला? आयुष्यातलं पहिलं. शहरातल्या दुकानात देऊन ते प्लास्टिकचं घेतलं. गाढवपणा केला. तुमच्या हातात ही दिसली की पोटात तुटायचं, म्हणून तोंड सुटायचं माझं. नंतर दुकानात तसली दोन धरून पाहिली, पण अंगठा बसेना. आणि हे बघ, हे असं बसतंय की जणू माझ्याच मापाचं केलंय."

"बसेल नाही तर काय," ब्लाझेना म्हणाली. "तू देऊन आलास त्याच आठवड्यात मी ते त्या दुकानातून घेऊन आले. काळा रंग तेवढा नवा चढवला. मूठ बदलावीशी वाटली नाही, म्हणून मी आपली पट्टी लावून भागवत आले. आता अंगठा उचल आणि खालचा खळगा बघ. आईच्या स्वयंपाकघरात बसून कानशीने तूच घासला होतास. भुसा तिच्या पिठात उडाला आणि बोलणी मी खाल्ली. तुझंच आहे ते, ओटा. तुझंच तुला कसं विकू?"